यंत्राची निद्रा आणि जागृति

आषाढाच्या महिन्यांत शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतून प्रवास करणाऱ्यास सूर्यदर्शन क्वचितच घडतें. माहुलीच्या किल्ल्यापासून माळशेज घाटापर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याचा जो पट्टा पसरला आहे, त्यावर मेघांचें दाट आच्छादन पडतें; कित्येकदां दिवसचे दिवस उन्हाची तिरीपहि दिसत नाहीं. या भागांतील भातशेतीचें जीवन त्या पावसावर. तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे जलाशय त्याच पावसानें भरतात, आणि मुंबई शहरांतील नळ त्या जलाशयांवर चालतात. तानसेचें धरण १८९२ सालीं पुरें झालें. तेव्हांपासून शहापूरचा पाऊस हा मुंबईकरांच्याहि घरचा प्रश्न होऊन बसला आहे.

हा पाऊस मोजण्याचें काम पूर्वीं सर्वस्वीं माणसाच्या हातीं होतें. पर्जन्यमापकांत सांठलेलें पाणी सकाळीं साडेआठ वाजतां काचेच्या मापांत ओतावें, आंकडा वहींत लिहावा आणि वरच्या कचेरीस कळवावा, अशी रीत होती. कित्येक ठिकाणीं ती आजहि चालू आहे. अलीकडे मात्र महाराष्ट्र सरकारच्या महावेध प्रकल्पाखालीं महसूल मंडळांतून स्वयंचलित हवामान केंद्रें उभारण्यांत आलीं आहेत. पाऊस, वारा, उष्णता आणि आर्द्रता यांची नोंद तीं स्वतःच घेतात आणि ती दूरच्या ठिकाणीं पाठवितात. हवामानाच्या आंकड्यांवर आधारलेल्या पीकविम्यांत शेतकऱ्यास भरपाई मिळावयाची कीं नाहीं, हें अशा नोंदींवरून ठरतें. एका रात्रीची नोंद हरवली, तर ती रात्र पुन्हां येत नाहीं. आणि त्या रात्रीं शेताचा बांध फुटला असेल, तर कागदोपत्रीं पाऊस पडलाच नव्हता, असें होऊन बसतें.

रानांत किंवा माळावर उभ्या केलेल्या यंत्रास विजेची तार कोठून मिळणार? तें सूर्याच्या उन्हावर आणि त्या उन्हानें भरणाऱ्या बॅटरीवर चालवावें लागतें. येथेंच खरी अडचण उभी राहते. ज्या दिवसांत पाऊस सर्वांत अधिक, त्याच दिवसांत ऊन सर्वांत कमी. म्हणजे ज्या वेळीं यंत्राची गरज सर्वांत मोठी, त्या वेळींच त्याच्या शिध्याची कोठी रिकामी होत असते. यावर उपाय एकच. काम नसेल तेव्हां यंत्रानें झोपावें, आणि कामाची हांक येतांच तत्काळ जागें व्हावें. हें झोपणें-उठणें यंत्रास कोण शिकवितो, तें शिकवितांना पहिल्याच क्षणीं कोणत्या चुका होतात, आणि त्या दुरुस्त कशा करतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम थोडा हिशेब करूं. माळशेजच्या पायथ्याशीं एखादें पर्जन्यमापन यंत्र उभें आहे अशी कल्पना करा. त्यांत एक लहानसा संगणक आहे, पावसाचे ठोके मोजणारा एक भाग आहे, आणि मोबाइलच्या मार्गानें निरोप पाठविणारा दुसरा भाग आहे. त्याची बॅटरी १२ व्होल्टची आणि ७ अँपिअर-तासांची आहे. म्हणजे तिच्यांत ८४ वॉट-तास शक्ति मावते. शिशाची बॅटरी सर्वस्वीं रिकामी केली तर तिचें आयुष्य खुंटतें, म्हणून त्यांतील अर्धीच, म्हणजे ४२ वॉट-तास शक्ति खर्चावयाची असें धरूं. यंत्र नीट झोपत-उठत असेल आणि त्याचा सरासरी खर्च एका वॉटचा पंचमांश असेल, तर ही शिदोरी २१० तास, म्हणजे पावणेनऊ दिवस पुरेल. आतां त्यांतील एखादा भाग जागाच राहिला आणि सरासरी खर्च एक वॉटवर गेला, तर तीच शिदोरी ४२ तासांत, म्हणजे पावणेदोन दिवसांत संपेल. पावणेनऊ दिवसांत एखादें तरी ऊन पडण्याची आशा असते; पावणेदोन दिवसांत आषाढामध्यें ती धरतां येत नाहीं. सारा फरक एका भागाच्या झोपेचा आहे.

संगणकाच्या निरनिराळ्या भागांस आज्ञा देणारा जो मजकूर असतो, त्यास ड्रायव्हर म्हणतात. लिनक्स ही संगणकाची व्यवस्था लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं जगापुढें ठेवली. आज ती खिशांतील मोबाइलपासून मोठमोठ्या गणनयंत्रांपर्यंत सर्वत्र नांदत आहे, आणि लहान स्वयंचलित उपकरणांतहि तिचा वापर पुष्कळ होतो. तिच्या मध्यवर्ती भागास आपण गाभा म्हणूं. गाभा हा घरच्या कर्त्यासारखा असतो. प्रत्येक भागाची अंतर्गत माहिती त्यास नसते. पावसाच्या मापकास जागें करण्यासाठीं कोणती कळ दाबावयाची, किती वेळ थांबावयाचें, हें फक्त त्या मापकाच्या ड्रायव्हरास ठाऊक. म्हणून झोपण्याची वेळ झाली कीं नाहीं हें गाभा ठरवितो, आणि प्रत्यक्ष निजविण्याचें व उठविण्याचें काम ड्रायव्हर करतो.

यंत्रास झोपविण्याची कल्पना नवी नाहीं. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनीं १९९२ सालीं तिचा एक नियम घालून दिला. पुढें १९९६ च्या डिसेंबरांत तोशिबा कंपनीसह त्यांनीं अधिक विस्तृत असा दुसरा नियम प्रसिद्ध केला. त्या काळीं मुख्य विचार होता तो सगळें यंत्र एकदम झोपविण्याचा: झांकण मिटलें कीं सारें घर निजलें. परंतु घरांतील एक माणूस काम करीत असतां बाकीच्यांनीं निजावें, हीच शहाणपणाची रीत. संगणक जागा असतांनाच त्याच्या रिकाम्या भागांनीं आपापल्यापुरती झोप घ्यावी, यासाठीं लिनक्समध्यें राफाएल विसोत्स्की यांनीं एक सामाईक पद्धति बसविली, आणि ती २००९ सालच्या डिसेंबरांत निघालेल्या २.६.३२ या आवृत्तींत प्रथम आली. तिला रनटाइम-पीएम असें म्हणतात. म्हणजे काम चालू असतांनाचें शक्ति-व्यवस्थापन.

ही पद्धति समजण्यास शाळेचा हजेरीपट डोळ्यांपुढें आणावा. गाभ्यापाशीं प्रत्येक भागाच्या नांवानें एक नोंद असते. तींत मुख्यतः तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. पहिली, तो भाग जागा आहे कीं निजलेला. दुसरी, त्याची आतां किती जणांस गरज आहे, तो आंकडा. तिसरी, त्याच्यासाठीं ही झोप-जागेची व्यवस्था सुरू केली आहे कीं बंद आहे. ज्यास तो भाग वापरावयाचा असेल त्यानें आंकडा एकानें वाढवावा, काम झालें कीं एकानें उतरवावा. आंकडा शून्यावर आला म्हणजे कोणासच गरज उरली नाहीं; तेव्हां गाभा ड्रायव्हरास सांगतो कीं, आतां यास निजवा. वाड्याच्या पडवींत दिवा लावलेला असतो आणि शेवटीं उठणारा तो मालवून जातो. तीच ही रीत, फक्त येथें उठणाऱ्यांची मोजदाद काटेकोर ठेवलेली असते.

आतां या हजेरीपटाचा एक विशेष नीट ध्यानांत घ्यावा, कारण बहुतेक घोटाळा तेथूनच सुरू होतो. एखादा भाग प्रथम संगणकाच्या ओळखीचा होतो, तेव्हां त्याच्या नांवापुढें गाभा 'निजलेला' असें लिहून ठेवतो आणि व्यवस्था बंद ठेवतो. ही नोंद वस्तुस्थिति पाहून केलेली नसते. वर्षारंभीं कोऱ्या हजेरीपटांत सर्वांसमोर गैरहजेरीची खूण करून ठेवावी, तसें हें आहे. मुलगा प्रत्यक्ष बाकावर बसला असेल. परंतु मास्तरांनीं त्याचें नांव पुकारून खूण बदलल्याखेरीज हजेरीपटास तें कळावयाचें नाहीं. ड्रायव्हराचें पहिलें कर्तव्य तें हेंच. भाग जर जागा असेल, तर 'हा जागा आहे' असें आधीं लिहावें, आणि मगच व्यवस्था सुरू करावी.

ड्रायव्हर ज्या क्षणीं आपल्या भागाचा ताबा घेतो, त्या क्षणास प्रोब म्हणतात. त्या वेळीं करावयाच्या गोष्टींचा क्रम ठरलेला आहे. प्रथम विजेचा पुरवठा चालू करावा. मग क्लॉक, म्हणजे त्या भागास ताल देणारा ठोका, सुरू करावा. मग त्या भागास स्वस्थ होण्यास अवधि द्यावा. हा अवधि लहान दिसला तरी गाळतां येत नाहीं. संगणकाच्या पीसीआय जातीच्या भागांस गाढ झोपेंतून पूर्ण जागृतींत येण्यास १० मिलिसेकंद द्यावेत, असा लेखी नियमच आहे. इतकें झाल्यावर त्या भागाची विचारपूस करावी, झोपण्या-उठण्यास लागणारी सर्व सामग्री जमवावी, गरजेचा आंकडा एकानें वाढवून ठेवावा, हजेरीपटांत 'जागा' अशी खूण करावी आणि तेव्हां कोठें व्यवस्था सुरू करावी. उरलेलें काम आटोपलें म्हणजे शेवटीं आंकडा उतरवावा. त्यानंतर तो भाग सुखानें झोपूं शकतो.

शहापूर तालुक्यांतील कसारा स्टेशनावर घाट चढणाऱ्या गाडीस मदतीचें इंजिन जोडतात. ३७ फुटांस १ फूट असा तो चढ. इंजिन नुसतें मागें येऊन टेकलें म्हणजे गाडी सुटत नाहीं. सांधा जोडला गेला पाहिजे, ब्रेकची नळी जोडून दाब तपासला पाहिजे, आणि मगच निशाण मिळतें. या तीन गोष्टींपैकीं कोणतीहि गाळली नाहीं, परंतु त्यांचा क्रम उलटा केला, तर काय अनर्थ होईल हें सांगावयास नको. ड्रायव्हरांतील चुकाहि बहुतेक याच जातीच्या असतात. कामें सगळीं केलेलीं असतात. क्रम चुकलेला असतो.

पहिली चूक घाईची. झोपण्या-उठण्यास लागणारी सामग्री तयार होण्यापूर्वींच ड्रायव्हर व्यवस्था सुरू करतो. व्यवस्था सुरू होतांच दुसरा कोणी त्या भागाची मागणी करूं शकतो. गाभा ड्रायव्हरास सांगतो कीं, याला उठवा. आणि ड्रायव्हर ज्या कळीकडे हात नेतो ती कळ अद्याप बसविलेलीच नसते. अशा वेळीं संगणक जागच्या जागीं कोसळतो. ही चूक भयंकर दिसते, पण ती त्यांतल्या त्यांत बरी; कारण ती ओरडून आपलें अस्तित्व जाहीर करते.

दुसरी चूक मुकी आहे, आणि म्हणूनच अधिक घातक. प्रोबच्या वेळीं ड्रायव्हरानें क्लॉक स्वतःच्या हातानें चालू केला. परंतु हजेरीपटांत 'जागा' अशी खूण करण्याचें तो विसरला आणि व्यवस्था सुरू करून मोकळा झाला. पुढें कोणीतरी त्या भागाची मागणी केली. गाभ्यानें हजेरीपट पाहिला, तेथें 'निजलेला' असें लिहिलेलें. म्हणून त्यानें ड्रायव्हरास उठविण्याची आज्ञा दिली. ड्रायव्हरानें चालू असलेला क्लॉक पुन्हां चालू केला. क्लॉकचाहि आपला निराळा हिशेब असतो. त्यानें मागणी दोन अशी नोंद केली. काम संपल्यावर झोपविण्याची आज्ञा आली, ड्रायव्हरानें क्लॉक एकदां बंद केला, आणि मागणी दोनावरून एकावर आली. शून्यावर ती कधींच यावयाची नाहीं. हजेरीपटांत आतां 'निजलेला' अशी स्वच्छ नोंद आहे, आणि क्लॉक मात्र रात्रंदिवस चालूच आहे. तो चालू असल्यामुळें संगणकाचा सर्व गाभारा गाढ झोपेंत जाऊं शकत नाहीं. कागद तपासणाऱ्यास कोठेंच दोष सांपडत नाहीं. बॅटरी मात्र पावणेदोन दिवसांत संपते. याची दुरुस्ती किती मोठी? व्यवस्था सुरू करण्याच्या ओळीच्या आधीं 'हा जागा आहे' असें सांगणारी एक ओळ. ती एक ओळ नसल्यामुळें माळावरचें यंत्र ऐन पावसांत मुकें होतें.

तिसरी चूक आंकड्याची. एखाद्या भागास उठविण्याची आज्ञा दिली आणि तो उठलाच नाहीं, असेंहि घडतें. वायर सैल असेल, अवधि अपुरा पडला असेल. लिनक्समध्यें उठविण्याची जी जुनी आज्ञा आहे, तिचा स्वभाव असा कीं, उठविण्यांत अपयश आलें तरी गरजेचा आंकडा ती वाढवूनच ठेवते. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचा समज असा होतो कीं, काम झालें नाहीं त्या अर्थीं आंकडाहि वाढला नसेल. म्हणून अपयशाच्या वाटेनें परत जातांना ते तो उतरवीत नाहींत. त्यानंतर तो आंकडा शून्यावर येणें नाहीं आणि त्या भागास झोप मिळणें नाहीं. जो पाहुणा दारांतूनच परत गेला, त्याच्या नांवानें ताट वाढून ठेवावें, आणि सारें घर त्याची वाट पाहत ताटकळत बसावें, तसें हें होय. ही चूक एकाददोघांच्या हातून झालेली नाहीं. २०२० सालीं लिनक्सच्या निरनिराळ्या ड्रायव्हरांतून ती शोधशोधून काढण्यांत आली, आणि त्याच वर्षाअखेर निघालेल्या ५.१० या आवृत्तींत एक नवी आज्ञा दाखल झाली. अपयश आल्यास वाढविलेला आंकडा ती स्वतःच उतरविते. पुष्कळ शहाणीं माणसें एकाच ठिकाणीं ठेंचकाळूं लागलीं, तर दोष केवळ पायांचा नसतो, उंबऱ्याचाहि असतो, हें तेथील जाणत्यांनीं मान्य केलें.

चौथी चूक आपल्या पर्जन्यमापकास विशेष लागू पडणारी आहे. अशा मापकांत दोन कोंडांची लहानशी पन्हळ असते, ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर पाऊस सांठला कीं ती कलंडते आणि विजेचा एक ठोका देते. हा ठोका म्हणजे निजलेल्या यंत्राच्या दारावरची थाप. परंतु झोपीं जाण्यापूर्वीं 'या दारावर थाप पडली तर मला उठवा' असें ड्रायव्हरानें सांगून ठेवलें पाहिजे. तें सांगण्याआधींच त्यानें झोपेची व्यवस्था सुरू केली, तर मधल्या काळांत पडलेल्या थापा कोणाच्याच कानीं पडत नाहींत. पन्हळ कलंडत राहते, पाऊस पडत राहतो, आणि सकाळीं नोंदींत शून्य दिसतें. मागें सांगितलेली बॅटरी संपण्याची आपत्ति निदान कळून येते, कारण निरोप येणें बंद पडतें. येथें निरोप वेळच्या वेळीं येतो, आणि तो खोटा असतो.

पांचवी चूक परतण्याच्या वाटेवरची. पुष्कळदां ड्रायव्हरास ताबा घेतांना असें आढळतें कीं, आपणांस वीज पुरविणारा भागच अजून तयार झालेला नाहीं. अशा वेळीं त्यानें 'मागाहून येतों' असें सांगून परत जावें आणि कांहीं वेळानें पुन्हां यावें, अशी सोय आहे. परंतु परत जातांना आपण सुरू केलेली व्यवस्था बंद करून जावें, हें तो विसरला, तर दुसऱ्या खेपेस ती दुसऱ्यांदा सुरू केली जाते, आणि गाभा तक्रार करतो कीं हिशेब जुळत नाहीं. जितकीं दारें उघडलीं तितकींच, आणि ज्या क्रमानें उघडलीं त्याच्या उलट क्रमानें, मिटीत यावें. हा नियम जो पाळतो, त्याच्यावर ही वेळ येत नाहीं.

अशा चुका शहरांतील कारखान्यांत कशा सांपडत नाहींत, असा प्रश्न सहजच उद्भवतो. त्याचें कारण परिस्थितींत आहे. तेथें यंत्र टेबलावर असतें, त्यास भिंतींतून अखंड वीज मिळते, आणि तपासणारा माणूस त्यास सतत कामाला लावीत असतो. झोप नीट लागते कीं नाहीं हें कळण्यास यंत्रास एकान्त मिळतच नाहीं. आणखीहि एक गुप्त कारण आहे. संगणक सुरू होतांना लिनक्सच्याहि आधीं एक छोटा आरंभक मजकूर चालतो. कित्येकदां तोच त्या भागाची वीज व क्लॉक चालू करून ठेवतो. त्यामुळें ड्रायव्हरानें स्वतः कांहींहि न करतां सर्व ठीक चालल्यासारखें दिसतें. पुढें लिनक्सचा गाभा, ज्या क्लॉकवर कोणी हक्क सांगितला नाहीं ते सर्व बंद करून टाकतो. आणि जो भाग परक्याच्या दिव्यावर अभ्यास करीत होता, तो एकाएकीं अंधारांत पडतो. अशा मिटलेल्या भागाच्या कप्प्यांतून कांहीं वाचावयास जावें, तर कित्येक यंत्रांत सारा संगणकच थिजून बसतो.

म्हणून दुरुस्ती करणाराची रीत ठरलेली असते. तो प्रथम हजेरीपट वाचतो. प्रत्येक भाग किती वेळ जागा होता आणि किती वेळ निजला होता, याची नोंद लिनक्स उघड्या कप्प्यांत ठेवतें, आणि ती कोणासहि पाहतां येते. परंतु दुसऱ्या चुकींत आपण पाहिलें कीं, हजेरीपट स्वच्छ असूनहि दिवा जळत असतो. म्हणून तो बॅटरीच्या वाटेंत वीज मोजण्याचें मीटर बसवितो आणि दोन्हीं साक्षी एकमेकींशीं ताडून पाहतो. वहींत झोप आणि मीटरांत जागरण अशी विसंगति दिसली, कीं त्याचा शोध प्रोबच्या पहिल्या कांहीं ओळींवर येऊन ठेपतो. तेथें वीज, क्लॉक, अवधि, विचारपूस, सामग्री, आंकडा, खूण आणि व्यवस्था हा क्रम तो बोट ठेवून वाचतो. मग प्रत्येक अपयशाच्या वाटेनें मागें जाऊन पाहतो, कीं उघडलेलें प्रत्येक दार मिटलें कीं नाहीं.

दुरुस्ती झाल्यावर परीक्षाहि कडक घ्यावी लागते. यंत्राची बॅटरी पूर्ण काढून, तें थंड पडूं देऊन मग सुरू करावें. कारण नुकत्याच चालू असलेल्या यंत्रांत मागची ऊब शिल्लक असते आणि ती चुका झांकते. ड्रायव्हरास त्याच्या भागापासून वेगळें करून पुन्हां जोडावें, तें एकदां नव्हे, शंभरदां. वीज पुरविणारा भाग मुद्दाम उशिरां आणावा. यंत्र निजलें असतां पन्हळ हातानें कलंडवून पाहावी आणि प्रत्येक ठोका नोंदींत उतरला कीं नाहीं तें मोजावें. या परीक्षेस महागडी साधनें लागत नाहींत. एक मीटर, एक घड्याळ आणि पाण्याचा एक तांब्या पुरतो. लागतो तो धीर.

हा विषय केवळ रानांतील यंत्रांपुरता आहे असेंहि समजूं नये. शहापूर तालुक्यांतच पाष्टेपाडा या आदिवासी वस्तींतील जिल्हा परिषदेची शाळा शिक्षक संदीप गुंड यांच्या प्रयत्नानें संगणकीय साधनांनीं सजली, आणि विजेची अडचण सूर्यशक्तीनें निवारण्यांत आली. जेथें वर्गांतील पडदा आणि मुलांच्या हातांतील पाट्या सूर्याच्या शिदोरीवर चालतात, तेथें एखाद्या भागाचें वायफळ जागरण म्हणजे दुपारच्या तासांतून कापलेलीं मिनिटें होत. शहरांतील घरोघरीं असलेल्या साधनांतहि हेंच नाटक चालू असतें. रात्रीं पूर्ण भरून उशाशीं ठेवलेला मोबाइल सकाळीं अर्धा रिकामा आढळला, तर घरचे लोक बॅटरीस दोष देतात. पुष्कळदां बॅटरी निर्दोष असते, आणि आंत कोणीतरी आंकडा वाढवून तो उतरविण्यास विसरलेला असतो. संगणकास जोडलेल्या लहानसहान साधनांचीहि तीच कथा. यूएसबीच्या साधनास काम नसल्यास दोन सेकंदांनंतर झोपूं देण्याची सोय लिनक्समध्यें आहे. परंतु कित्येक साधनें एकदां निजलीं कीं धड उठत नाहींत, असा अनुभव आल्यामुळें बहुतेकांस ती सोय आपोआप लावीत नाहींत. ज्यांच्या उठण्याचा भरंवसा नाहीं, त्यांस झोपेची परवानगीहि मिळत नाहीं, आणि त्यांच्या जागरणाचा खर्च बॅटरीनें सोसावा लागतो.

माळशेजच्या पायथ्याशीं कल्पिलेल्या आपल्या यंत्राकडे शेवटीं एकदां परत जाऊं. रात्रीचे दोन वाजले आहेत. पाऊस थांबला आहे. पडद्यावर ऊन पडून चार दिवस झाले. मापकाचा भाग निजला आहे, निरोप्या निजला आहे, संगणकहि गाढ झोपेंत आहे. इतक्यांत काळू नदीच्या खोऱ्यावर पुन्हां सर कोसळते, पन्हळ कलंडते, आणि एक ठोका पडतो. यंत्र उठतें, तो ठोका लिहून घेतें, दुसऱ्याची वाट पाहतें. सर ओसरली कीं पुन्हां निजतें. उजाडतांच रात्रीचा आंकडा कचेरींत पोंचलेला असतो. ज्याच्या भातखाचरावर तो पाऊस पडला, त्या शेतकऱ्यास या हजेरीपटाची, त्या क्लॉकची किंवा त्या एका ओळीची कांहींच वार्ता नसते, आणि असावी अशी अपेक्षाहि नाहीं. परंतु ती ओळ योग्य जागीं लिहिणारा कोणीतरी, कोठेंतरी, तिच्यासाठीं मीटर लावून बसलेला असतो. त्याच्या नोंदींत लिहिलेलें आणि यंत्रांत असलेलें एकच आहे, याची त्यानें खात्री करून घेतलेली असते; आणि त्या खात्रीवर माळावरचा आंकडा खरा ठरतो.